'अ‍ॅड्रिनल फटीग'च्या गोळ्या सोडताना काय काय झालं

'अ‍ॅड्रिनल सपोर्ट' म्हणून तुम्ही काही घेत असाल आणि त्यात हायड्रोकॉर्टिझोन असेल, किंवा आत नक्की काय आहे ते बाटलीवर धड लिहिलेलंच नसेल, तर पुढचं वाचायला वेळ नसला तरी चालेल पण आपल्या मनाने एका दिवसात बंद करू नका. आधी सकाळचं कॉर्टिझॉल (अ‍ॅड्रिनल ग्रंथींचं हार्मोन, हायड्रोकॉर्टिझोन म्हणजे तेच गोळीतून) तपासून घ्या. आता सविस्तर सांगते, कारण हे सगळं चालू असताना मला क्रमाने लिहिलेलं काही सापडत नव्हतं, एकतर गोळ्या विकणाऱ्यांची पानं नाहीतर डॉक्टरांसाठी लिहिलेले पेपर.

२०२२ च्या शेवटी थकवा सुरू झाला. काम करून येतो तसला नाही, सकाळी उठतानाच अंग जड, दुपारी डोळे मिटायला लागायचे, वाक्य बोलता बोलता शब्द हरवायचा. नेहमीच्या डॉक्टरांनी हिमोग्लोबिन, थायरॉइड, शुगर वगैरे केलं, सगळं नॉर्मल. "स्ट्रेस असेल, झोप नीट घ्या." झोप तर मी आठ-नऊ तास घेत होते! नॉर्मल रिपोर्ट हातात घेऊन थकलेलं असणं किती अपमानास्पद वाटतं ते ज्याला झालंय त्यालाच कळेल, आणि अशा वेळी कोणी तासभर बसवून घेऊन तुमचं ऐकलं की तुम्ही निम्मे तिथेच बरे होता.

तसंच झालं. एका वेलनेस क्लिनिकमध्ये गेले, तिथे खरोखर तासभर ऐकलं. दिवसातून चार वेळा लाळ गोळा करायची टेस्ट दिली, रंगीत ग्राफ आला, माझी रेघ त्यांच्या पट्ट्याच्या खाली होती आणि ग्रंथी थकल्या आहेत म्हणून निदान झालं 'अ‍ॅड्रिनल फटीग, तिसरी स्टेज'. तपासणी, सल्ला आणि गोळ्या यांचं पॅकेज, पैसे आधी भरायचे, विम्यात काहीच बसत नाही. हे विम्यात का बसत नाही असं मी विचारलं होतं, तर "मुख्य प्रवाहातलं मेडिसिन अजून तिथवर पोचलेलं नाही" असं उत्तर मिळालं. ऐकायला बरं वाटलं होतं तेव्हा.

जानेवारी २०२३ मध्ये कोर्स सुरू झाला. हायड्रोकॉर्टिझोन ५ मिलिग्रॅम दिवसातून चार वेळा, शेवटची रात्री झोपायच्या आधी. एक कॅप्सूल डीएचईए २५ मिलिग्रॅम आणि प्रेग्नेनोलोनची, दोन्ही शरीर ज्यापासून इतर हार्मोन्स बनवतं ती हार्मोन्स. एक 'ग्लँड्युलर', म्हणजे गुरांच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी वाळवून केलेली पावडर. शिवाय ज्येष्ठमधाच्या अर्काचे थेंब. सगळ्याला 'सप्लिमेंट' म्हणायचे, हायड्रोकॉर्टिझोनलासुद्धा, ते स्टेरॉइड आहे हा शब्द कोणी उच्चारला नाही. "शरीरात जे कमी आहे तेच आपण देतोय."

आणि खरं सांगते, पहिले काही आठवडे अफाट गेले. पहाटे जाग यायची, कपाटं आवरून व्हायची, नवरा म्हणायचा अगं जरा बस. मला वाटलं हाच पुरावा. पुढे हार्मोनच्या डॉक्टरांनी सांगितलं की स्टेरॉइड दिलं की बऱ्याच जणांना असं तरतरीत वाटतं, ग्रंथी निरोगी असल्या तरी वाटतं, त्यावरून आजार सिद्ध होत नाही.

मार्चपर्यंत ती तरतरी ओसरली. क्लिनिकने डोस वाढवून दिवसाचा ३० मिलिग्रॅम केला. जरा बरं वाटलं, मग पुन्हा तेच. आणि आता बाकीच्या गोष्टी सुरू झाल्या. रात्री दोनला टक्क जाग. भूक अशी की जेवून उठल्यावर पुन्हा स्वयंपाकघरात. चेहरा गोल झाला, फोटोत मला मीच ओळखू येईना. हनुवटीवर जाड केस आणि शाळेनंतर पहिल्यांदाच पाठभर पिंपल्स. कुठे जरा आपटलं की निळे डाग. छातीत धडधड, हात थरथरायचे. बीपी मला कधी नव्हतं, ते १५० वर ९५ निघालं. प्रत्येक वेळी क्लिनिकला मेसेज केला, उत्तर ठरलेलं, "शरीर हील होतंय, थोडं वर-खाली होणारच."

आता मला माहिती आहे की या प्रत्येकाचं वेगळं कारण होतं. झोप जाणं, भूक, चेहरा, निळे डाग हे स्टेरॉइडचं काम. झोपेचं तर उघड आहे, शरीराचं स्वतःचं कॉर्टिझॉल पहाटेपासून वाढत सकाळी सर्वात जास्त असतं आणि मध्यरात्रीच्या सुमाराला सर्वात कमी, आणि मी नेमकी त्याच वेळी गोळी घेत होते. पिंपल्स आणि हनुवटीचे केस डीएचईएमुळे, कारण शरीर त्यापासून पुरुषी हार्मोन्स बनवतं. बीपीला ज्येष्ठमधाचा हातभार, त्यातलं ग्लिसिरायझिन मूत्रपिंडात कॉर्टिझॉल निष्क्रिय करणारं एन्झाइम अडवतं, मग मीठ-पाणी साठतं, बीपी चढतं, पोटॅशियम उतरतं. आणि धडधड? त्याचं उत्तर मला सगळ्यात जास्त चीड आणणारं होतं, ते पुढे येतंच.

ऑगस्टमध्ये लाळेची टेस्ट पुन्हा करायची होती. त्यासाठी क्लिनिकने लेखी सूचना पाठवली, 'वॉशआउट', दोन आठवडे सर्व गोळ्या पूर्ण बंद. हळूहळू कमी करा असं एका शब्दाने नाही. तो ईमेल मी जपून ठेवलाय, पुढे उपयोगी पडला.

पहिल्या दिवशी काही नाही. मग मळमळ सुरू झाली, सांधे दुखायला लागले, गुडघे, बोटं, जबडासुद्धा. अंथरुणातून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी, भिंतीला धरून बाथरूमला जायचं. अन्नाचा वास नको. आणि रडू, कारण नसताना, तासन्‌तास. आधीचा थकवा याच्यापुढे काहीच नव्हता. क्लिनिकला कळवलं तर त्यांचं उत्तर, "बघा, तुमच्या अ‍ॅड्रिनल्स किती दमल्या आहेत. टेस्ट झाली की डोस अजून वाढवू."

याच ठिकाणी माणूस अडकतो. गोळ्या सोडल्यावर जे होतं ते हुबेहूब तुमच्या त्या 'आजारा'सारखंच असतं, थकवा, चक्कर, डोकं न चालणं, फक्त दहापट. मग वाटतं की निदान बरोबरच होतं, मला गोळ्यांची गरज आहे, आणि तुम्ही परत सुरू करता आणि बरंही वाटतं! पण सोडल्यावर त्रास होणं हा मुळात आजार होता याचा पुरावा नाही. महिनोन्‌महिने बाहेरून स्टेरॉइड घेतलं की निरोगी माणसालाही सोडताना हे होऊ शकतं.

एका संध्याकाळी उलट्या थांबेनात, पाणीही राहीना, मी बोलताना अडखळायला लागले तेव्हा नवऱ्याने आणि ताईने उचलून कॅज्युअल्टीला नेलं. उभं केल्यावर बीपी ८० च्या घरात. सोडियम कमी. ताईने निघताना सगळ्या बाटल्या एका पिशवीत भरून घेतल्या होत्या, तिचे उपकार. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी आधी पोटाचं इन्फेक्शन धरलं होतं, पण बाटल्या टेबलावर ओतल्या आणि हायड्रोकॉर्टिझोनचं लेबल वाचल्यावर त्यांचा सूरच बदलला. "किती दिवस घेत होतात? बंद कधी केलं?" लगेच कॉर्टिझॉलसाठी रक्त काढलं आणि रिपोर्टची वाट न बघता हायड्रोकॉर्टिझोन १०० मिलिग्रॅम शिरेतून, सोबत सलाईन. थोड्याच वेळात मी उशीला टेकून बसून बोलत होते, घरचे बघतच राहिले. रिपोर्ट नंतर आला, कॉर्टिझॉल २ च्या आसपास, मायक्रोग्रॅम पर डेसिलिटर. एवढं आजारी असताना ते खूप वर असायला हवं होतं.

डिस्चार्जनंतर एन्डोक्राइनॉलॉजिस्टची (हार्मोनच्या डॉक्टरची) अपॉइंटमेंट मिळायला काही आठवडे गेले, तोवर हॉस्पिटलने ठरवून दिलेला डोस चालू. मॅडमनी पहिल्याच भेटीत कागदावर तीन गोल काढले. मेंदूतलं हायपोथॅलॅमस, त्याखाली पिच्युटरी, आणि मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी. वरून, पिच्युटरीकडून, एसीटीएच या हार्मोनचा निरोप आला की खालची ग्रंथी कॉर्टिझॉल बनवते. बाहेरून तयार माल रोज येतोय म्हटल्यावर वरून ऑर्डर येणं बंद होतं आणि कारखाना आक्रसतो. मी विचारलं, मग मला अ‍ॅड्रिनल फटीग नव्हतंच? त्या म्हणाल्या, "तुम्हाला थकवा होता, तो खरा. पण हे निदान आम्ही मानत नाही. आता मात्र तुम्हाला खरंखुरं अ‍ॅड्रिनल इनसफिशियन्सी आहे, म्हणजे ग्रंथी पुरेसं कॉर्टिझॉल बनवत नाहीत, गोळ्यांनी झालेलं." मला हसावं की रडावं कळेना.

घरी येऊन वाचलं. अ‍ॅड्रिनल फटीग हे नाव १९९८ साली आलं, अमेरिकेतल्या जेम्स विल्सन नावाच्या कायरोप्रॅक्टरने (मणके-सांध्यांवर हाताने उपचार करणाऱ्याने) दिलेलं. २०१६ मध्ये दोन ब्राझिलियन संशोधकांनी ५८ अभ्यास चाळून निष्कर्ष काढला की अशी अवस्था असल्याला आधार नाही. याउलट थॉमस अ‍ॅडिसनने १८५५ मध्ये वर्णन केलेला आजार खरा आहे, त्यात ग्रंथीच निकामी होते आणि त्वचा काळवंडते. माझ्यात तसं काळवंडणं नव्हतं, कारण ते वाढलेल्या एसीटीएचमुळे होतं आणि माझं एसीटीएचच कमी होतं, मॅडमनी तळहाताच्या रेषा आणि हिरड्या बघितल्या त्या याचसाठी.

आणि ती धडधड. मॅडमनी थायरॉइड पुन्हा तपासलं, टीएसएच खूप खाली, म्हणजे अंगात थायरॉइड हार्मोन जास्त, आणि त्याने धडधड होते. "थायरॉइडचं काही घेता का?" नाही म्हटलं. मग त्यांनी ग्लँड्युलरची बाटली उचलली आणि २०१८ च्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं, अमेरिकेत बाजारातली १२ अ‍ॅड्रिनल सपोर्ट सप्लिमेंट्स तपासली होती, बाराच्या बारांमध्ये थायरॉइड हार्मोन सापडलं आणि ७ मध्ये किमान एक तरी स्टेरॉइड हार्मोन, आणि लेबलवर त्याचा पत्ता नाही. माझ्या बाटलीत नक्की काय होतं हे कोणी तपासलेलं नाही, त्यामुळे छातीठोक सांगता येणार नाही, पण ती बंद केल्यावर दीड-दोन महिन्यांत टीएसएच आपोआप नॉर्मलला आलं, दुसरं काहीही न करता.

कॅप्सूल, ग्लँड्युलर आणि थेंब परत सुरू झाले होते, ते मॅडमनी त्याच दिवशी बंद केले. ते चालतं, कारण हायड्रोकॉर्टिझोन चालू होतं आणि डीएचईए एकदम सोडल्याने असा धोका नसतो. पिंपल्स लवकर गेले, हनुवटीचे केस मात्र बराच काळ चिकटून होते. हायड्रोकॉर्टिझोन आधी २० वर आणलं, सकाळी उठल्या उठल्या १०, दुपारी ५, चारच्या सुमारास ५, रात्रीची गोळी पहिली गेली. झोप तेवढ्यानेच सुधारली. मग दर काही आठवड्यांनी २.५ मिलिग्रॅम कमी, तेही आधी संध्याकाळच्या बाजूने. गोळ्या कापायला केमिस्टकडे मिळणारं पिल कटर घ्या, सुरीने तुकडे उडतात आणि डोस भलताच होतो.

प्रत्येक उतरणीनंतर आठ-दहा दिवस वाईट जायचे. सांधेदुखी, चिडचिड, सकाळी मळमळ, संध्याकाळी एकदम उदास. मॅडमनी आधीच सांगितलं होतं की हे स्टेरॉइड विड्रॉल आहे, डोस शरीराच्या गरजेइतका असतानाही होतं, कारण शरीराला जास्तीची सवय झालेली असते. सहन होण्यासारखं असेल तर त्याच डोसवर थांबायचं, नसेल तर आधीच्या डोसवर परत जायचं आणि पुढची पायरी हळू घ्यायची. मी १५ वरून १२.५ ला गेले तेव्हा परत फिरावं लागलं होतं, त्यात काही बिघडत नाही. मला एका वहीचा फार उपयोग झाला, त्यात रोज डोस, बसून आणि उभं राहून बीपी, वजन, आणि 'कसं वाटतंय' याला दहापैकी मार्क. मन म्हणायचं काहीच फरक पडत नाहीये आणि वहीत मागच्या महिन्याचे मार्क दिसायचे.

आजारपणाचे नियम मात्र पाठ पाहिजेत, तुमचे आणि घरच्यांचेही. मला दिलेले असे होते, ताप ३८ अंश सेल्सिअसच्या वर गेला की डोस दुप्पट, ३९ च्या वर तिप्पट, बरं वाटेपर्यंत, मग पुन्हा नेहमीचा. उलट्या-जुलाब होऊन गोळी पोटात टिकत नसेल तर घरी बसायचं नाही, इंजेक्शन लागतं, सरळ हॉस्पिटल. ऑपरेशन किंवा दातांचं मोठं काम असेल तर आधी सांगायचं. तुमच्या डॉक्टरांकडून तुमचे आकडे लिहून घ्या. मी पाकिटात स्टेरॉइड कार्ड (मी स्टेरॉइडवर आहे हे डॉक्टरांना कळावं म्हणून) ठेवलं आणि फोनच्या लॉक स्क्रीनवरच्या इमर्जन्सी माहितीतही टाकलं. डिसेंबरात फ्लू झाला तेव्हा डोस दुप्पट करताना हात थरथरला, वाटलं सगळी मेहनत पाण्यात, पण आठवड्यात परत मूळ डोसवर आले आणि काही बिघडलं नाही.

आता टेस्टबद्दल, कारण इथे लॅबवाले गोंधळ घालतात. सकाळचं कॉर्टिझॉल म्हणजे खरंच सकाळचं, आठच्या आसपास. मला एकदा "अकरा वाजता या, चालतं" म्हणाले, नाही चालत. आदल्या दिवसापासून हायड्रोकॉर्टिझोन थांबवायचं असतं, साधारण २४ तास, पण कधीपासून ते डॉक्टरांना विचारूनच, आणि रक्त दिलं की लगेच घ्यायची गोळी सोबत न्यायची. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर आधी सांगा, काही मशीनवर रिपोर्ट चुकतो. गर्भनिरोधक गोळ्यांमधल्या इस्ट्रोजेनमुळे कॉर्टिझॉलचा आकडा फुगतो. एसीटीएचची नळी बर्फावर ठेवून लगेच पाठवावी लागते, काउंटरवर "इथे होतं का?" आधी विचारा, माझी एक फेरी यातच वाया गेली. फॉर्मवर रक्त काढल्याची वेळ आणि शेवटचा डोस कधी घेतला ते लिहायला लावा, नाहीतर रिपोर्ट वाचणाऱ्याला काही कळत नाही.

माझे आकडे असे हलले. फेब्रुवारी २०२४ मध्ये ४.१, जून मध्ये ७.६. त्याच सुमारास युरोप आणि अमेरिकेच्या एन्डोक्राइन संस्थांची संयुक्त मार्गदर्शक तत्त्वं आली होती, मॅडमनी ती मला समजावली, ५ च्या खाली असेल तर डोस चालू आणि काही महिन्यांनी पुन्हा टेस्ट, ५ ते १० च्या मध्ये थांबा आणि वाट बघा, १० च्या वर गेलं तर स्टेरॉइड बंद करता येतं. ७.६ म्हणजे वाट बघा. वाट बघणं हेच या सगळ्यातलं सगळ्यात कंटाळवाणं काम, कारण यात करण्यासारखं काही नसतं, ग्रंथीला घाई करता येत नाही आणि ती लवकर जागी करणारं औषध नाही. (विकणारे भरपूर आहेत.)

ऑक्टोबरात डोस १० वर असताना सिनॅक्थेन टेस्ट केली, निरोप मिळाल्यावर ग्रंथी पुरेसं कॉर्टिझॉल बनवते का ते बघणारी. शिरेत सुई, पहिलं रक्त, मग कृत्रिम एसीटीएच २५० मायक्रोग्रॅम, मग ३० आणि ६० मिनिटांनी रक्त. दुखत नाही, बसून राहायचं, चेहऱ्याला जरा गरम वाटलं एवढंच. विम्याची पूर्वपरवानगी लागली. पूर्वी १८ च्या वर गेलं की पास धरायचे, नव्या पद्धतीच्या मशीनवर तो आकडा कमी असतो, म्हणून गूगलवरच्या आकड्याशी तुलना न करता तुमच्या लॅबची मर्यादा विचारा. मी पास झाले. मग १० वरून शून्यावर येताना अजून काही आठवडे, आणि २०२५ च्या सुरुवातीला शेवटची अर्धी गोळी.

विम्याचंही सांगायला हवं. हॉस्पिटलच्या डिस्चार्ज कागदावर फक्त 'अशक्तपणा आणि उलट्या' लिहिलं होतं, त्यामुळे क्लेम अडकला. एन्डोक्राइन मॅडमच्या पत्रानंतर त्यात 'औषधामुळे झालेली अ‍ॅड्रिनल इनसफिशियन्सी', आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीतला कोड ई२७.३, अशी दुरुस्ती करून घेतली, मग पुढे सरकलं. हॉस्पिटलमधून निघण्याआधीच निदानाची ओळ वाचा, नंतर सही मिळवायला खेपा होतात. वेलनेस क्लिनिकच्या पॅकेजचे पैसे अर्थातच गेले. त्यांच्याकडे माझ्या फाइलची प्रत मागितली तेव्हा बरेच दिवस टोलवाटोलवी झाली, लेखी मागितल्यावर मिळाली, पण वॉशआउटची सूचना त्यात नव्हती. माझ्याकडचा ईमेल जोडून औषधांच्या दुष्परिणामांची सरकारी नोंद करतात तिथे तक्रार भरली, बाटल्यांच्या बॅच नंबरसकट. रिकाम्या बाटल्या फेकू नका ते यासाठी.

आणि मूळ थकवा? गोळ्या सुटल्यावर तो तिथेच होता, जसाच्या तसा. या वेळी मॅडमनी फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि बी-१२ पाहिलं, घोरते का विचारलं, नवरा माझ्याआधी हो म्हणाला. स्लीप स्टडी झाली, रात्रभर अंगाला वायरी लावून, आणि निघालं स्लीप अ‍ॅप्निया, झोपेत तासाला तीसच्या वर वेळा श्वास अडत होता. आठ-नऊ तास झोपून सकाळी अंग जड का होतं ते तेव्हा कळलं. आता झोपेत मास्कमधून हवेचा दाब देणारं सीपॅप मशीन आहे, मास्क गालावर रुततो, पहिला महिना कटकटीचा गेला. दुपारी डोळे मिटत नाहीत. वाढलेलं वजन निम्मं उतरलंय, बीपी गोळीशिवाय ठीक आहे, हाडांची डेक्सा स्कॅन एकदा झाली, दुसरी वर्षाने करायची आहे, तिचा रिपोर्ट आला की इथेच खाली टाकीन.